आल्प्सच्या वाटेवर पाणी कुठे मुरतं

पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींचा आता एक क्रमच पडून गेला आहे. आधी सह्याद्री, मग हिमालय, आणि गाठीला थोडी रजा नि पैसा जमला की आल्प्स. आल्प्स म्हणजे बहुतेकांच्या लेखी ‘टूर दु माँ ब्लाँ’: फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँला घातलेली सुमारे १७० किलोमीटरची प्रदक्षिणा. निघण्याआधीच्या बैठकांत शेंगेन व्हिसावर चर्चा होते, बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा का यावर होते, थेपले किती दिवस टिकतील यावर तर हमखास होते. पाण्याचा विषय कुणी काढत नाही. वर बर्फ आहे, खाली नद्या आहेत, मग पाणी असणारच, विचारायचं काय त्यात?

ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणून जास्त घातक. आल्प्समध्ये पाणी अमाप आहे, पण तुम्ही ज्या धारेवर उभे आहात तिथे ते असेलच असं नाही. जुलैच्या आरंभी खळाळणारा ओढा सप्टेंबरात कोरडा पडलेला असू शकतो. आणि पाणी मिळालं तरी ते पोटात घालण्याजोगं आहे का, हा हिशोब वेगळाच. अनेक दिवसांच्या डोंगरवाटेवर भरवशाचं पाणी शोधणं म्हणजे हे सगळे हिशोब एकाच वेळी मांडणं. त्यांतला पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित हिशोब खडकाचा आहे.

माँ ब्लाँचा गाभा ग्रॅनाइट आणि ग्नाइसचा. हे खडक पाणी फारसं आत घेत नाहीत. भेगांतून झिरपेल तेवढं झिरपतं, बाकीचं वरूनच धावतं. प्रदक्षिणेची वाट मधूनमधून शिस्टवरून आणि पाटीच्या दगडावरून जाते, तेही पाणी सहजासहजी गिळत नाहीत. त्यामुळे वितळलेल्या बर्फाचे ओहोळ वाटेला आडवे येत राहतात. शिवाय वाट पुन्हा पुन्हा दरीत उतरते आणि दरीत गाव, गोठा किंवा रेफ्यूज, म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर, असतंच. इथे दीड-दोन लिटरची सोय पुरते. म्हणूनच टूर दु माँ ब्लाँ करून आलेला माणूस घरी येऊन सांगतो की आल्प्समध्ये पाण्याची काही चिंता नाही. त्याचं खरं असतं, फक्त त्या खडकापुरतं.

तोच माणूस पुढच्या वर्षी इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये ‘आल्टा व्हिया १’ करायला गेला की गडबडतो. ब्राइएसच्या सरोवरापासून बेल्लुनोपर्यंत सुमारे १२० किलोमीटरची ही वाट. उंची माँ ब्लाँच्या वाटेपेक्षा काही फार कमी नाही, पाऊसही चांगला पडतो, उन्हाळ्यात दुपारची वादळं तर नित्याची. तरीही धारेवर तासन् तास चालावं आणि पायाखाली फक्त फिकट, खडखडणारी खडी असावी, असं होतं. कारण हा डोंगर डोलोमाइटचा आणि चुनखडकाचा आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि हा खडक हळूहळू विरघळवत जातं. भेगा रुंदावतात, त्यांची विवरं होतात, विवरांच्या गुहा. वर पडलेलं पाणी आडवं वाहण्याऐवजी सरळ खाली जातं. बर्फाचा पट्टा समोर पांढराशुभ्र पसरलेला असतो आणि त्याचं वितळलेलं पाणी त्याच्याच बुडाखालच्या भोकात नाहीसं होतं. फानेसच्या पठारावर तळी आहेत, झरे आहेत, पण तिथलं पुष्कळसं पाणीसुद्धा जमिनीखालून वाट काढतं.

ऑस्ट्रियात चुनखडकाचं असंच एक विस्तीर्ण पठार आहे, नाव टोटेस गेबिर्गे, म्हणजे मेलेले डोंगर. नकाशात ते आल्प्सच्या ऐन पावसाळी भागात येतं. पण पठारावर चढलेल्या माणसाला पाऊस किती पडतो याच्याशी देणंघेणं नसतं. पडलेलं पाणी किती वेळ वर थांबतं, एवढंच त्याच्या कामाचं.

मग हे गिळलेलं पाणी जातं कुठे? याचं सर्वांत ठसठशीत उत्तर व्हिएन्ना शहरातल्या नळांना विचारावं. राक्स आणि श्नेबर्ग या चुनखडकी डोंगरांच्या पायथ्याशी फुटणाऱ्या झऱ्यांचं पाणी १८७३ साली व्हिएन्नात आणलं गेलं. १९१० साली दुसरी वाहिनी आली, होखश्वाब डोंगराच्या झऱ्यांवरून, सुमारे १८० किलोमीटर अंतर कापून आणि नुसत्या उतारावर. आजही या महानगराचं पिण्याचं पाणी मुख्यतः याच झऱ्यांचं आहे. होखश्वाबच्या माथ्यावरचा वाटसरू बाटलीच्या तळाशी उरलेले दोन घोट पुरवून पुरवून पितो, आणि त्याच डोंगराचं पाणी व्हिएन्नातला माणूस नळाची तोटी सोडून मनसोक्त पितो. डोंगराकडे पाणी भरपूर आहे. फक्त ते माथ्यावर नाही, मुळाशी आहे.

चुनखडकाच्या मुलखातही सगळंच रखरखीत नसतं. डोलोमाइट्समध्ये थरांच्या मध्ये मार्लचे, म्हणजे चिकणमाती मिसळलेल्या चुनखडकाचे, थर येतात. वरून उतरणारं पाणी त्यांच्यावर अडतं आणि बाजूला फुटतं. म्हणून उभ्या फिकट कड्याच्या पायाशी अचानक हिरवंगार कुरण दिसलं, तर तिथे झरा शोधायला हरकत नाही. हे वाचताना सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला ओळखीची खूण पटेल. आपल्या बेसॉल्टच्या थरांमध्ये लाल मातकट पट्टा येतो, त्याच्या आसपास डोंगराच्या पोटातून पाणी पाझरतं आणि नेमकी तिथेच एखादी वाडी वसलेली असते. आणि अभंग बेसॉल्ट पाणी धरून ठेवतो, म्हणूनच हरिश्चंद्रगडावर, कुलंगवर कातळात टाकी खोदून ठेवता आली. डोलोमाइटात तसं टाकं खोदलं, तर ते भरायच्या आधी गळेल.

खडकानंतर तारीख, आणि तारखेच्या आत घड्याळ.

आल्प्समध्ये वाहतं पाणी ढोबळमानाने तीन ठिकाणांहून येतं: यंदाच्या हिवाळ्यातला बर्फ, जुनी हिमनदी, आणि जमिनीत मुरलेलं पाणी. जूनअखेर आणि जुलैत पहिलं पाणी मुबलक असतं, इतकं की वाटेवरून वाहतं आणि बुटात शिरतं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत कमी उंचीवरचा यंदाचा बर्फ संपतो, आणि नकाशावर निळ्या रेषेने काढलेले कितीतरी ओढे म्हणजे नुसते गोटे उरतात. हिमनदीच्या ओढ्याचं गणित उलटं आहे. जितकं ऊन कडक, तितकं पाणी जास्त. पहाटे हा ओढा दगडांवर पाय ठेवत ओलांडता येतो आणि उन्हाच्या दिवशी दुपारी चारला तोच मांडीपर्यंत चढलेला असतो. पाणी घ्यायचं किंवा ओढा ओलांडायचा, दोन्ही सकाळी उरकावं हे बरं.

या पाण्याचा रंग करडा-दुधट असतो. हिमनदीखाली दगडावर दगड घासून झालेली ती भुकटी आहे, पिठापेक्षा बारीक. बाटली भरून रात्रभर उभी ठेवली, तर सकाळी तळाशी बोटभर राखी थर बसलेला दिसतो आणि वरचं पाणी निवळलेलं असतं. हे न करता गाळणीतून सरळ दाबून काढलं, की गाळणीची छिद्रं बुजतात आणि पुढचे आठ दिवस ती थेंब थेंब पाणी देते. याउलट मुरलेल्या पाण्याचा झरा ओळखायचा तर काठाच्या दगडांकडे बघावं. पाण्याच्या रेषेलगत जाड, मऊ शेवाळ नीट बसलेलं असेल, तर पाण्याची पातळी फारशी वरखाली होत नाही असा अर्थ. रोज दुपारी पुरासारखा लोंढा येणाऱ्या ओढ्याच्या दगडांवर शेवाळ टिकत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात भरवसा ठेवायचा तो या शेवाळवाल्या झऱ्यांवर.

गेल्या काही वर्षांत हे वेळापत्रकच बदलत चाललं आहे. २०२१-२२च्या हिवाळ्यात बर्फ कमी पडला आणि पुढचा उन्हाळा भाजून काढणारा आला. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ या एका वर्षात आपल्या उरलेल्या बर्फापैकी सुमारे ६ टक्के गमावला, २०२३मध्ये आणखी सुमारे ४ टक्के. म्हणजे दोन वर्षांत दहावा हिस्सा. हिमनदी वितळताना काही वर्षं खालच्या ओढ्यात पाणी वाढतं आणि मग बर्फाचा साठाच आटल्यावर घटत जातं. त्यामुळे ‘हिमनदीचा ओढा आहे, आटणार नाही’ हे जुन्या मार्गदर्शक पुस्तकांतलं आश्वासन आता जपूनच घ्यावं. मागे ज्यांच्या डोक्यावर उन्हाळाभर बर्फाचा तुकडा टिकायचा अशा मुक्कामाच्या घरांना ऑगस्टमध्ये अंघोळीचं पाणी बंद करावं लागतं, प्यायचंही मोजून द्यावं लागतं. दहा वर्षांपूर्वी छापलेलं पुस्तक चढ-उताराबाबत अजून बिनचूक असेल, पाण्याबाबत नसेल.

समजा पाणी मिळालं. प्यावं का?

आपल्याकडे ‘वाहतं पाणी निर्मळ’ हा विश्वास हाडीमाशी खिळलेला आहे. आल्प्समध्ये तो सोडून द्यावा. जून ते सप्टेंबर हा जसा ट्रेकरांचा हंगाम तसाच गाईंचाही. उन्हाळ्यात गुरं डोंगरातल्या कुरणांवर चढवण्याची पद्धत शेकडो वर्षांची आहे, आणि २,००० मीटरच्या वरही गळ्यातल्या घंटा वाजवत गाई निवांत चरत असतात. मेंढ्या त्यांच्याही वर जातात. ओढा काचेसारखा स्वच्छ दिसत असेल, पण वरच्या वळणापलीकडे काय पडलं आहे ते खालून दिसत नाही. जिआर्डियासारखे परजीवी थंड पाण्यात कितीतरी दिवस तग धरतात, आणि त्यांचा त्रास सुरू व्हायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. माणूस तोवर घरी पोचलेला असतो आणि दोष बिचाऱ्या विमानातल्या जेवणाला देतो. आपल्या वाटेच्या वर कुरण आहे की नुसता कडा, हे नकाशात बघून मग पाणी घेणं हा साधा उपाय आहे. फारसं कुणी करत नाही.

सर्वांत भरवशाचं पाणी निसर्गातलं नव्हेच, माणसाने आणून ठेवलेलं. आल्प्सच्या खेड्यात शिरलात की चौकात लाकडी किंवा दगडी हौद दिसतो. बहुधा लार्चच्या अख्ख्या खोडाची कोरून केलेली डोणी, तिच्या डोक्याशी लोखंडी नळी, आणि नळीतून अंगठ्याएवढी धार रात्रंदिवस चालू. तोटी नसते, पाणी ‘वाया’ जात असतं. टँकरच्या वेळापत्रकावर वाढलेल्या मराठी माणसाचा हात ती बंद करायला आपोआप पुढे जातो. पण ती वाहती ठेवण्यातच तिचं आरोग्य आहे. पाणी नळीत साचत नाही. रीत अशी की बाटली नळीखाली धरायची, डोणीत बुडवायची नाही, डोणी गुरांची. फ्रान्समध्ये अशा ठिकाणी ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल, इटलीत ‘आक्वा नोन पोताबिले’ किंवा जर्मन मुलखात ‘काइन ट्रिंकवासर’, तर ते पाणी प्यायचं नाही. स्वित्झर्लंडमधल्या गावात पाटीच नसेल, तर सहसा पिण्याचंच समजतात.

पाटीच्या बाबतीत थोडा बारकावा आहे. डोंगरातल्या घरांत नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ असं लिहिलेलं असतं तेव्हा पाणी विषारी असतं असं नाही. पुष्कळदा अर्थ एवढाच की या पाण्याची नियमाप्रमाणे तपासणी झालेली नाही आणि मालकाला जबाबदारी घ्यायची नाही. छतावरून गोळा केलेलं पावसाचं पाणी किंवा वरच्या बर्फाचं पाणी असेल, तर ते गाळून, औषध घालून पिता येतं. मात्र सगळे धोके जंतूंचे नसतात. इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये रासास नावाच्या उंचावरच्या तळ्यात निकेलचं प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या दहापटींहून जास्त आढळलं. तळ्याच्या वर दगडगोट्यांत गोठून राहिलेला जुना बर्फ आहे, तो वितळताना खडकातले धातू पाण्यात उतरतात. अशा पाण्यापुढे गाळणी, गोळ्या, उकळणं, काहीच चालत नाही. दगडांवर चमत्कारिक पांढरट किंवा गंजासारखी पुटं दिसली, तर मी तरी पुढच्या झऱ्यापर्यंत तहान मारेन.

शुद्ध करण्याच्या साधनांवर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. पोकळ धाग्यांची गाळणी जिवाणू आणि परजीवी अडवते, विषाणू नाही; आल्प्समध्ये ती बहुतेक वेळा पुरते. पण ती एकदा गोठली की आतले धागे फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून थंड रात्री ती झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपावं. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या विषाणूही मारतात, मात्र क्रिप्टोस्पोरिडियमसाठी चार तास थांबावं लागतं. उकळण्याबद्दल एक गैरसमज आपल्याकडे पक्का आहे: उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून जंतू मरत नाहीत. ३,००० मीटरवर पाणी सुमारे ९० अंशांना उकळतं आणि तेवढ्यात जंतू मरतात. २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळू द्यावं इतकंच. बर्फ वितळवून पाणी करण्याचा मोह मात्र जपून करावा. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे इंधन जवळजवळ दुप्पट. भांड्यात तळाशी घोटभर पाणी ठेवून वर बर्फ घालावा, नाहीतर भांडं करपतं. आणि गुलाबी दिसणारा बर्फ सोडावा. ते शेवाळ असतं.

फार उंचावरच्या घरांपुढे बर्फ वितळवण्यावाचून मार्ग नसतो. मोंटे रोझावरचं मार्गेरिता हे ४,५५४ मीटरवरचं घर त्यांतलंच. याच पर्वतसमूहात स्विस बाजूला २,८८३ मीटरवर मोंटे रोझा हट आहे, स्विस आल्पाइन क्लबने झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाबरोबर २००९ साली बांधलेली. तिथे वाहतं पाणी वर्षातले मोजके महिने मिळतं. म्हणून हटच्या वर कातळात पोकळी करून वितळलेलं पाणी साठवलं जातं आणि तिथून उतारानेच खाली येतं. सौर पॅनेल, चकचकीत ॲल्युमिनियमची भिंत आणि पाण्यासाठी कातळातलं टाकं! आपल्या गडकऱ्यांना ही योजना समजावून सांगावी लागली नसती.

हिमालयाचा प्रश्न याच्याशी जुळणारा, पण जास्त जड आहे, कारण तिथे झऱ्यावर वाटसरू नव्हे, गाव जगतं. भारतीय हिमालयातले जवळपास निम्मे बारमाही झरे आटले आहेत किंवा हंगामी झाले आहेत, असं नीती आयोगाच्या २०१८च्या अहवालात म्हटलं आहे. उत्तराखंडातल्या एखाद्या ट्रेकवर जुन्या वाटाड्याने सांगितलेला धारा कोरडा सापडतो, तो याच हिशोबातला. सिक्कीमने २००८पासून झरे पुन्हा वाहते करण्याचा ‘धारा विकास’ कार्यक्रम हाती घेतला, आणि त्यामागच्या भूजलशास्त्राच्या कामात पुण्याच्या ‘ॲक्वाडॅम’ संस्थेचा मोठा वाटा आहे. दख्खनच्या खडकावर तयार झालेली नजर तिथे कामी आली. झरा जिथे फुटतो तिथे चर खणून उपयोग नसतो. खडकाचे थर कोणत्या दिशेला कलले आहेत ते पाहून पाणी मुरण्याची जागा शोधावी लागते. कधी ती डोंगराच्या दुसऱ्या उतारावर निघते. नेपाळात अन्नपूर्णा परिसरात वाटसरूंसाठी शुद्ध पाण्याची केंद्रं आहेत, बाटली आपली आणायची आणि थोडे पैसे देऊन भरून घ्यायची. प्लास्टिकच्या बाटल्यांचे ढीग बघितलेल्या कुणालाही ही कल्पना आवडावी.

एवढं सगळं लक्षात घेऊन निघण्याआधी काय करावं? नकाशा दोनदा वाचावा. एकदा निळ्या रेषांसाठी, आणि एकदा खडकासाठी. आल्प्सच्या बहुतेक भागांचे भूशास्त्रीय नकाशे इंटरनेटवर फुकट पाहता येतात. तुटक निळी रेषा म्हणजे हंगामी ओढा, तिला ऑगस्टनंतर रेषा मानू नये. धारेवरचा टप्पा किती तासांचा आहे ते मोजावं, कारण धारेवर पाणी तुमच्या खाली असतं, बरोबर नसतं. सकाळी उन्हाआधी निघालं, तर तेवढ्याच वाटेला अर्धा लिटर कमी लागतं, हे सह्याद्रीत एप्रिलमध्ये चाललेल्या माणसाला सांगायला नको.

आणि मुक्कामाच्या घरी रात्री जेवण झाल्यावर घर सांभाळणाऱ्याला विचारावं की उद्याच्या वाटेवर कुठला झरा चालू आहे. काल तिकडून आलेल्या माणसाशी तो आत्ताच बोललेला असतो. कोणतंही ॲप त्याच्या पुढे नाही. स्वित्झर्लंडमध्ये सकाळी निघताना तो मोठ्या भांड्यातून ‘मार्शटे’, म्हणजे वाटेसाठीचा चहा, बाटलीत ओतून देतो. आल्टा व्हियावर मात्र चहाची वाट न पाहता तीन लिटर भरूनच निघावं. ओझं जड वाटेल. दुपारी शिखरालगतच्या घरात पोचल्यावर बाटलीबंद पाण्याची किंमत वाचून ते हलकं वाटू लागेल. ती बाटली खालच्या दरीतून सामानाच्या केबलवेने वर आलेली असते.